स्पिरिटच्या बाटलीवरची रेघ

आमच्या देवळी गावात ‘पॉलिश’ हा शब्द कोणी सरळ अर्थानं घेत नाही. ‘पॉलिश मारून आला वाटते’ असं कोणी म्हटलं की समोरचा हसतो. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि दारूला जितकी टोपणनावं आमच्याकडे आहेत तितकी ती उघड विकणाऱ्या जिल्ह्यातसुद्धा नसतील. पॉलिश हे त्यातलं सगळ्यात घाणेरडं नाव. ज्याला दुसरं काही मिळत नाही तो लाकडाला लावायचं स्पिरिट पितो, म्हणून हे नाव. मला त्या हसण्याचा राग येतो. माझा धाकटा भाऊ खरोखरच पॉलिशवाला आहे. दिवाण, देव्हारे, कपाटांचे दरवाजे यांच्यावर लाखेचा हात देणं हा त्याचा धंदा. आणि तो खरोखरच स्पिरिट प्यायचा. म्हणजे लोक चुकीचं हसत नव्हते. त्याचा तर जास्तच राग येतो.

मी स्वभावानं अपराधी माणूस आहे. कचेरीत फाईल दुसऱ्यानं हरवली तरी माझे कान गरम होतात. रागावणं मला जमत नाही. रागावलो की थोड्या वेळात वाटतं, आपल्याला काय हक्क? पण गेल्या पोळ्याला जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही. तो कोणाकोणावर आहे हे लिहून पाहतो.

भावाची दारू सुटली ती दवाखान्यात. त्या वेळी स्पिरिटपायी त्याची नजर जायची ती थोडक्यात राहिली. घरी आल्यावर त्यानं सगळ्यात आधी आपली पॉलिशची पेटी माळ्यावर टाकली. लाख, मलमलची फडकी, ब्रश, सगळं. म्हणाला, “वास आला का जीभ ओली होते माही. नको ते.” मग जिनिंगमध्ये हमालीला लागला. कापसाचा हंगाम संपला की तेही काम संपायचं. त्याची बायको त्याच्या आधीच लेकीला घेऊन माहेरी गेली होती, समुद्रपूरच्या पुढे गिरडच्या वाटेवर तिचं गाव आहे. मी तिला आणायला गेलो, तेव्हा तिचे वडील मला खाटेवर बसवून शांतपणे म्हणाले, “भाऊ, जिनिंग चालते किती दिवस? बाकी वर्ष काय करन हा? हातात कला हाये तर कला करा म्हणा. अन् कला केली का बाटली हाती येते. मंग तुमीच सांगा, मी पोरीले कशी पाठवू?”

मी परत येऊन हे भावाला जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, “म्हातारा बराबर बोलून राह्यला.” आणि मग, “तान्ह्या पोळ्याले ते येतीन म्हणे ना? मी पोरीचा बैल करतो. रंग, पॉलिश, सगळं. घरात, सगळ्यायच्या समोर. स्पिरिट हाती धरून दाखवतो. मंग बोला म्हणा.”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा तान्हा पोळा भरतो, चाकांच्या पाटीवर उभे केलेले लाकडी बैल दोरीनं ओढत. मारुतीच्या देवळापुढे सगळे जमतात, मग घरोघर फिरतात, आणि प्रत्येक घरी बैलाचा बोजारा म्हणून लेकरांच्या हातावर काहीतरी ठेवलं जातं. आमच्या घरात सागवानाचा एक कोरा बैल वर्षानुवर्षं पडून होता. भावानं तो खाली काढला, घासला, आणि पोस्टर कलरनं रंगवायला बसला. पाठीवरच्या झुलीवर त्यानं वेलबुट्टी न काढता लाल एसटी काढली. खिडक्या, टपावरच्या गाठोड्यांसकट.

आई म्हणाली, “बैलावर एष्टी काऊन काढली रे?”

“पोरगी एष्टीनं येणार हाये ना माय. बैलानं थोडी येणार.”

आई हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं होतं. मग भाऊ म्हणाला, “आता याच्यावर लाखेचा हात पाह्यजे. हा रंग पाण्याचा हाये. एक सर आली का एष्टी वाहून जाईन. अन् शिंगाची सोनेरी पावडर पोरीच्या हाताले लागन.” आणि माझ्याकडे बघून, “दादा, स्पिरिट तू आण. मी दुकानात जात नाई.”

मी वर्ध्याला गेलो. हार्डवेअरच्या दुकानात चपडा मागितला. चपडा म्हणजे लाखेचे पातळ, मधाच्या रंगाचे तुकडे, दिसायला कांद्याच्या सालीसारखे. तोवर ठीक होतं. मग स्पिरिटची बाटली मागितली. काउंटरवरच्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

“पॉलिशले का पोटाले, साहेब?”

दुकानातली दोन-तीन माणसं हसली. मीही हसलो. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही. खरं तर म्हणायला हवं होतं की माझा भाऊ कारागीर आहे, लेकीचा बैल करतोय, बाटली द्या आणि तोंड सांभाळा. मी हसलो, आणि वर म्हणालो, “नाही हो, पॉलिशलाच.” जणू खुलासा देत होतो.

घरी येताना देवळीच्या स्टँडवर उतरलो, बाकड्यावर बसलो आणि पिशवीतून बाटली काढली. बाटली तोंडापर्यंत नव्हती भरलेली, स्पिरिट थोडं खालीच होतं. खिशातलं पेन काढलं आणि कागदी लेबलच्या कडेला, स्पिरिट जिथवर होतं तिथे, एक बारीक आडवी रेघ ओढली. कोणाला दिसू नये इतकी बारीक. मनात म्हणालो, ही त्याच्यासाठी नाही, माझ्या जिवाला शांतता म्हणून आहे. आम्ही अपराधी माणसं अशी वाक्यं फार चांगली बनवतो.

मी बाटली त्याच्या हातात दिली. त्यानं ती उजेडात धरली, फिरवली, आणि म्हणाला, “बरं.” बस.

त्यानं चपडा काचेच्या बरणीत घातला. डबा का नको, असं मी विचारलं तर म्हणाला, लोखंड लागलं की लाख काळी पडते, मग एष्टीच्या रंगाचं मातेरं होईल. वरून स्पिरिट ओतलं, बरणीच्या तोंडाला फडकं बांधून झाकण लावलं आणि माझ्याकडे दिली. “अधूनमधून हालवत राह्य. नाई तं खाली गुळाच्या भेलीसारखी बसते.” मी हलवत राहिलो. बाटलीत उरलेलं स्पिरिट त्यानं झाकण घट्ट लावून सगळ्यांच्या समोर, मधल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवलं. म्हणाला, शेवटच्या हाताला पॉलिश पातळ करायला लागतं ते. मी संधी साधून नव्या पातळीवर दुसरी रेघ ओढली. पहिल्याच्या खाली.

घरात कोणी काही बोलत नव्हतं, पण सगळे माझ्यासारखीच पाळत ठेवत होते. माझ्या बायकोनं कोरोनापासून मोरीवर पडलेली हात धुवायची सॅनिटायझरची बाटली उचलून आपल्या कपाटात ठेवली. आई दिवसभर मधल्या खोलीतच बसायची, सूप मांडीवर, त्यात तुरीची डाळ. डाळ निवडून झाली तरी पुन्हा तीच निवडायची. शेजारचा म्हातारा कुंपणावरून डोकावून म्हणाला, “का गा, पॉलिश सुरू झालं म्हणे?” भाऊ अंगणातूनच म्हणाला, “हो ना काका. या, तुमच्या टकलाले एक हात मारून देतो, चमकन.” म्हातारा गेला. मी आत उभा राहून हे ऐकलं. भाऊ दिवसभर असे टोमणे परतवत होता, आणि आम्ही घरातले टोमण्यांपेक्षा वाईट करत होतो. निदान शेजारी तोंडानं तरी बोलत होता.

दुसऱ्या दिवशी विरघळलेली लाख त्यानं जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळली. गढूळ दिसत होती, दुधाच्या पातळ चहासारखी. मी म्हणालो, ही तर गढूळ आहे. तो म्हणाला, “चपड्यात मेण असते. सुकल्यावर साफ होते. घाबरू नको.” पावसाळ्याचे दिवस होते, पण त्या दिवशी ऊन कडक पडलं होतं, त्याची वाटच पाहत होता तो. ओल्या हवेत लाख लावली की तिच्यावर पांढरी झाक येते.

रंगावरचा पहिला हात त्यानं ब्रशनं दिला, हलका, एकदाच, पुन्हा त्या जागी न फिरता. लाख इतक्या लवकर सुकते की तुम्ही बघेपर्यंत हाताला चिकटत नाही. मग कापसाचा बोळा केला, त्यावर मऊ मलमल गुंडाळली, बोळ्याला लाख पाजली, मलमलीवर बोटानं अळशीच्या तेलाचा थेंब लावला आणि बैलाच्या पाठीवरून लांब ओढत गेला. प्रत्येक फेरीला लाल एसटी जास्त लाल दिसू लागली. सागाच्या रेषा आतून उजळल्या. शिंगांची सोनेरी पावडर बसली. स्पिरिटचा वास अंगणभर होता. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो, बैलाकडे नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. एकदा त्यानं काम थांबवलं, उठला, मोरीवर जाऊन चुळा भरल्या, परत आला. म्हणाला, “बस. गेलं.” काय गेलं ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी बैल ओसरीत उभा होता आणि रस्त्यावरून जाणारे थांबून पाहत होते. आई म्हणाली, “दिठ लागन.” तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मला वाटलं, झालं. जिंकला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी कचेरीतून दुपारीच सुटून आलो. भाऊ शेवटच्या हाताच्या तयारीत होता. ऊन तसंच होतं. त्यानं मला हाक मारली, “दादा, बाटली आण कोनाड्यातली.” मी बाटली काढली, आणि काढताना पाहिली. स्पिरिट बरोबर रेघेवर. एक केसभरही खाली नाही. मला त्याच्याबद्दल इतकं प्रेम आलं की मी बाटली देताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं आणि बाटली घेतली.

त्यानं वाटीत लाख घेतली, बाटलीतलं स्पिरिट घालून पातळ केली, बोळा भिजवला, आणि बैलाच्या एका बाजूवर, झुलीपासून मांडीपर्यंत, हात फिरवला. मग थांबला. मी पाहत होतो. ओला तुकडा सुकत गेला तसा पांढरा होत गेला. आधी कडेनं, मग मधे. एसटीच्या खिडक्या, टपावरची गाठोडी दिसेनाशी झाली. त्यानं दुसरा हात शेजारी ओढला. तोही पांढरा.

तो म्हणाला, “यात पाणी हाये.”

मी म्हणालो, “पावसाळी हवा आहे. तूच म्हणाला होतास, पांढरी झाक येते.”

“हवेनं झाक येते दादा. हे ताक हाये.”

त्यानं बाटलीचं झाकण भरून स्पिरिट ओट्याच्या फरशीवर ओतलं आणि काडी लावली. निळी ज्योत लागली, थोडी नाचली, आणि मधेच विझली. चांगलं स्पिरिट जळून जातं, खाली काही ठेवत नाही. इथे फरशीवर ओलं उरलं. त्यानं त्यात बोट बुडवून मला दाखवलं. साधं पाणी.

आणि मी म्हणालो, “पाणी कोणी टाकलं?”

हे प्रश्नासारखं दिसतं, पण मी ते त्याच्याकडे बघून विचारलं. दारुड्याच्या घरातल्या प्रत्येक माणसाला हे माहीत असतं: पिणारा पितो आणि वरून पाणी भरतो, म्हणजे पातळी तीच राहते. माझी रेघ जागेवर होती. रेघ जागेवर होती म्हणूनच माझ्या डोळ्यांत तो संशय आला.

“हं,” भाऊ म्हणाला. “म्हण ना पुढचं.”

“मी काही म्हटलं नाही.”

“रेघ बराबर हाये ना तुही?”

माझी नजर बाटलीच्या लेबलकडे गेली.

“पहिल्याच दिवशी पाह्यली म्या. तू बाटली हातात दिली तवाच. मंग दुसरी मारली थेही पाह्यली. म्हटलं, मारू दे, त्याचं मन राहते.” तो उभा राहिला. त्याचा आवाज चढला नव्हता. “आता रेघही बराबर अन् पाणीही हाये. मंग कोण प्यालं सांग.”

मधल्या खोलीच्या दारात आई उभी होती. सूप अजून तिच्या हातात होतं.

“म्या टाकलं,” ती म्हणाली.

भावानं बोटावरचं पाणी सदऱ्याला पुसलं.

“काल दोपारी. अर्धं नालीत ओतलं अन् माठातलं पाणी भरलं.”

“काऊन माय?” भावानं विचारलं.

“पेलाच असता तू, तं निम्मं जहर तरी कमी झालं असतं.”

मी ओरडलो. मी माझ्या आईवर त्याआधी कधी ओरडलो नव्हतो. “मग रेघेपर्यंत कशाला भरलं?”

“तूच मारली ना रेघ! कमी दिसलं असतं तं तू त्यालेच बोलला असता.”

“असं वाटत होतं तर तोंडानं म्हणायचं ना त्याला! असं चोरून...”

“तुनं म्हटलं का तोंडानं?”

मी शेजारची लाखेची बरणी उचलून ओट्यावर आपटली. फुटली नाही, पण काठाचा टवका उडाला. आईचा राग आला होता, आणि तिनं विचारलेलं खरं होतं म्हणून तो दुप्पट झाला होता. तिनं वर्षानुवर्षं त्याच्या बाटल्यांत पाणी घातलं होतं, हाताला सवय होती, हात आपोआप गेला असेल. पण ती ज्या भीतीनं ते करत होती, ती माझ्या रेघेत होती. माझ्यापासून त्याला वाचवायला तिनं त्याचं काम नासवलं. मला आईचा आणि माझा, दोघांचाही राग आला, आणि भावाचाही, की त्यानं आमच्यावर ही वेळ आणली. तोही खोटा नाही, लिहून ठेवतो. त्या वर्षांत त्यानं आम्हाला काय काय बघायला लावलं ते मी विसरलेलो नाही.

भाऊ ओरडला नाही. त्यानं बोळा उचलला, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवला आणि डबीचं झाकण दाबून बसवलं, म्हणजे आतला ओलावा राहतो. हात माती लावून धुतले. “बैल तसाच राहू द्या,” म्हणाला आणि बाहेर गेला. आई दारात बसली ती तो परत येईपर्यंत. तो आला तेव्हा त्याच्या तोंडाला भेळेचा वास होता, कांद्याचा. मी वास घेतला हे त्यालाही कळलं.

पोळ्याच्या दिवशी दुपारच्या बसनं माझी भावजय आणि पुतणी आल्या. तिच्या वडिलांनी सोबत कोणाला पाठवलं नव्हतं, भावजय एकटीच लेकीला घेऊन आली होती. पोरगी धावत बैलाकडे गेली. पांढऱ्या बाजूवर बोट फिरवलं. “पप्पा, एष्टीवर धुकं पडलं.”

भावजयीनं पाहिलं. पॉलिशवाल्याची बायको आहे ती, तिला पाहताक्षणी कळलं असणार. तरी तिनं विचारलं, “याले काय झालं?”

आई लगेच म्हणाली, “हवा ओली होती बाई.”

भाऊ भिंतीला टेकून उभा होता. तो काही बोलणार नव्हता. सगळा प्रश्न त्याच्या जगण्याचा होता आणि तो बघत होता की आमच्यापैकी कोण तोंड उघडतं. मी म्हणालो, “स्पिरिटमध्ये पाणी घातलं गेलं. त्यानं नाही घातलं.”

बोलता बोलताच मला ऐकू आलं की हे कसं वाटतंय. भाऊ भावाला पाठीशी घालतोय, असंच. आईनं घातलं म्हटलं तर सासूवर ढकलतोय. काहीही म्हटलं तरी खोटंच वाटणार होतं. मला वाटलं, आता ती पिशवी उचलेल आणि बस पकडेल.

तिनं कोनाड्यातली बाटली काढली. वास घेतला. मग उजेडात धरली, आणि तिला लेबलवरच्या दोन रेघा दिसल्या. तिनं माझ्या खिशाच्या पेनाकडे पाहिलं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “दुसरी बाटली आणा. सीलबंद. अन् तिच्यावर रेघ मारू नका.”

मग नवऱ्याकडे न बघता, “म्याही मारल्या व्हत्या एका काळी. काजळानं.”

भाऊ पहिल्यांदाच बोलला. “पुसून मी नवी काढाचो. काजळ तुहंच राहे.”

ती हसली नाही. पण तिनं पिशवी आत नेऊन ठेवली.

मी स्कूटर काढून वर्ध्याला गेलो. पोळ्याच्या दिवशी तेच दुकान उघडं होतं. काउंटरवरचा तोच माणूस. “अरे साहेब, चार दिसांत दुसरी? बैल मोठा दिसते!”

आणि माझं सुटलं. मी त्या दुकानात काय काय बोललो ते मला नीट आठवत नाही. माझा भाऊ लाकडाला पॉलिश करतो, लाकडाला, एवढं बरेचदा म्हणालो हे आठवतं. माणसं थांबून बघायला लागली. तो म्हणाला, “अहो, गंमत केली साहेब, एवढं काय?” आणि खरंच, एवढं काय होतं? त्या माणसानं काही नवीन केलं नव्हतं. त्याच्यावर जो राग काढला तो घरी काढायचा होता, आधी स्वतःवर. बाटली घेऊन बाहेर आलो. देवळीपर्यंत मी पेनाला हात लावला नाही. खरं सांगतो, लावावासा वाटला.

भावानं सील तोडलं. लेक त्याच्या गुडघ्याशी बसली, बायको थोडी लांब. आई आत होती, आणि मी मुद्दाम अंगणाच्या टोकाला गेलो, म्हणजे माझी नजर त्याला लागू नये. त्यानं डबीतला पाणी लागलेला बोळा टाकून नवा केला, त्यावर नव्या स्पिरिटचे थोडेसेच थेंब घेतले. बोळा हाताला जेमतेम थंड लागावा इतकाच ओला. आणि पांढऱ्या बाजूवरून अलगद, न थांबता, ओढत गेला. थांबलं की खालची लाख उचलते. एक फेरी, दुसरी फेरी. पांढरेपणा हटत गेला. आधी चाकं दिसली, मग खिडक्या, मग टपावरची गाठोडी.

“गेलं! धुकं गेलं!” पोरगी ओरडली.

मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, जिथे बोळा पोचत नव्हता, एक पांढरा डाग राहिला. तो अजून आहे.

तान्ह्या पोळ्याला तिनं बैल ओढत नेला आणि ओंजळभर बोजारा घेऊन आली. कोणी विचारलं, कोणी पॉलिश केलं गं? तर मोठ्यांदा, “माया पप्पानं!” ऐकणारे हसले. ते कशावर हसले, बैलावर की शब्दावर, मला कळलं नाही, आणि न कळण्याचाही राग आला.

ते आमच्या घरी राहिले नाहीत. भाऊ आता वर्ध्याला फर्निचरच्या एका कारखान्यात हातपॉलिशचं काम करतो, जवळच खोली घेतली आहे, बायको-लेक तिथेच असतात. आई म्हणते, “परक्यासारखा राह्यते.” मी तिला म्हणत नाही की परकं त्याला कोणी केलं. म्हटलं तर ती विचारेल, तू?

मागच्या महिन्यात मी त्याच्या कारखान्यात गेलो होतो. तो एका दिवाणाच्या पाठीवर बोळा फिरवत होता. मालक आला, स्पिरिटचा मोठा कॅन त्याच्या पायाशी ठेवला, “हे घ्या भाऊ” म्हणाला आणि मागे न बघता निघून गेला. परका माणूस. मला त्याचाही राग आला, आणि ते काय होतं ते मला कळतं. जे मला जमलं नाही ते करताना त्याला काहीच वाटत नव्हतं.

मग माझी नजर कॅनवर गेली. मी नेली नाही. ती आपोआप प्लॅस्टिकच्या आरपार, आतल्या पातळीवर गेली.

भावानं मान वर न करता बोळा फिरवत म्हटलं, “भरेल हाये दादा. झाकण उघडून पाह्य पाह्यजे तं.”

“नाही रे, मी सहज...”

“पाह्य, पाह्य,” तो म्हणाला. “पेन आणला हाये ना?”